धानाची लोंबी आणि अणूचे किरण

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यात नांदेड ह्या नावाचे एक लहानसे गाव आहे. मराठवाड्यातील प्रसिद्ध नांदेड शहराशी त्याचा नावापलीकडे काही संबंध नाही. ह्या गावी दादाजी रामाजी खोब्रागडे नावाचे एक अल्पभूधारक शेतकरी राहत असत. शाळेतील शिक्षण तिसऱ्या इयत्तेपावेतो, आणि जमीन म्हणावी तर दीड एकराच्या आसपास. १९८३ साली बांधीत ‘पटेल-३’ जातीचे धान उभे असता काही लोंब्यांचा रंग व दाण्याची ठेवण शेजारच्या लोंब्यांहून निराळी असल्याचे त्यांच्या दृष्टीस पडले. दुसरा कोणी असता तर त्याने त्या इतरांबरोबर कापून मळणीत टाकल्या असत्या. खोब्रागडे यांनी त्या बाजूस काढून जपून ठेवल्या, पुढल्या हंगामात वेगळ्या पेरल्या, आणि काही वर्षांच्या चिकाटीच्या निवडीनंतर बारीक दाण्याचे एक नवे वाण त्यांच्या हाती आले. त्या काळी एच.एम.टी.चे मनगटी घड्याळ मोठ्या मानाचे समजले जाई. त्यावरून ह्या धानासही ‘एचएमटी’ हे नाव पडले. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने १९९८ साली ‘पीकेव्ही-एचएमटी’ ह्या नावाचे वाण प्रसारित केले. खोब्रागडे २०१८ साली निवर्तले. एचएमटी तांदूळ मात्र आज पुण्या-मुंबईच्या वाण्याकडेही मिळतो, आणि तो घेणाऱ्या गृहिणीस नागभीडच्या त्या बांधीची बहुधा वार्ताही नसते.

एका बांधीत, एका मातीत, एकाच पावसावर वाढलेल्या हजारो रोपांत एखादेच रोप निराळे का निघावे? कधी दुसऱ्या जातीचा पराग वाऱ्यावर येऊन संकर होतो, हे एक कारण. दुसरे कारण अधिक खोल आहे. वनस्पती-प्राण्यांच्या पेशींच्या केंद्रकात डीएनए ह्या अतिदीर्घ रेणूवर चार रासायनिक अक्षरांच्या लिपीत त्या जीवाची सारी आनुवंशिक संपत्ती लिहिलेली असते. पेशी दुभंगण्यापूर्वी ह्या लेखाची नक्कल व्हावी लागते, आणि कारकून कितीही दक्ष असला तरी लाखो ओळी उतरविताना त्याच्या हातून एखादे अक्षर चुकतेच. ही चूक बीजात शिरली की पुढील पिढ्यांत तीच मूळ प्रत ठरते. शास्त्रज्ञ हिला उत्परिवर्तन असे नाव देतात. निसर्गात अशा चुका क्वचित होतात, आणि ज्या होतात त्यांपैकी उपयोगी अशी विरळाच.

१९२७ साली अमेरिकेतील हरमन मुलर यांनी फळांवर घोंघावणाऱ्या क्षुद्र माश्यांवर क्ष-किरणांचा मारा केला, तेव्हा ह्या चुकांचे प्रमाण शंभराहून अधिक पटींनी वाढलेले त्यांना आढळले. लगोलग ल्युइस स्टॅडलर यांनी सातूच्या बियाण्यावर तोच अनुभव घेतला. निसर्ग ज्या गोष्टीसाठी शतके घेतो, ती मनुष्यास काही मिनिटांत घडविता येऊ लागली. मात्र कोणते अक्षर बदलावे हे ठरविणे त्याच्या हाती नव्हते. मुलर यांना १९४६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. हा काळ लक्षात घेण्याजोगा आहे, कारण हिरोशिमा आणि नागासाकी ह्या नगरांवर अणुबाँब पडून तेव्हा जेमतेम सव्वा वर्ष झाले होते, आणि किरणांनी रक्तात व बीजात काय होते हा प्रश्न प्रयोगशाळेच्या भिंती ओलांडून जगापुढे उभा राहिला होता.

क्ष-किरण यंत्राने उत्पन्न करावे लागतात, आणि यंत्र बंद केले की ते बंद होतात. परंतु तितकेच समर्थ, किंबहुना अधिक समर्थ किरण काही पदार्थांतून आपोआप बाहेर पडत असतात, आणि त्यांस कळ नाही. १८९६ साली पॅरिस येथे आंरी बेकरेल यांना युरेनियमच्या क्षारांत हा गुण आढळला. मारी व पिएर क्युरी ह्या दांपत्याने १८९८ साली पोलोनियम व रेडियम ही त्याहून प्रखर मूलद्रव्ये शोधून काढली. काही अणूंचा गर्भ फार जड असतो, काहींत घटकांचा समतोल बिघडलेला असतो. असा गर्भ स्थिर राहू शकत नाही आणि आपल्यातील काही भाग किंवा काही शक्ती बाहेर टाकून शांत होऊ पाहतो. ह्या बाहेर टाकण्यासच किरणोत्सर्ग म्हणतात. त्याच्या मुख्य तीन जातींना ग्रीक वर्णमालेतील पहिली तीन अक्षरे मिळाली आहेत: आल्फा, बीटा आणि गॅमा.

ह्या तिघांचा स्वभाव समजण्यास एक साधा कागद पुरे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या बांबूपासून तयार होणाऱ्या बल्लारपूरच्या कागदाचे नाव सर्वांस ठाऊक आहे. तसाच एक ताव किरणांच्या वाटेत धरला आहे अशी कल्पना करावी. आल्फा हा मोठा व जड कण होय; दोन प्रोटॉन आणि दोन न्यूट्रॉन यांची ती घट्ट मोट आहे. तो त्या कागदावर आपटून तेथेच थांबतो. हवेतही त्याची धाव काही सेंटिमीटरांचीच, आणि मनुष्याच्या कातडीचा वरचा निर्जीव थर ओलांडणे त्यास जमत नाही. बीटा म्हणजे वेगाने धावणारा इलेक्ट्रॉन. तो कागदातून पार जातो खरा, पण जाताना थोडा अडतो. कागद जितका जाड तितका अधिक अडतो. ह्याच गुणाचा उपयोग करून कागदाच्या मोठ्या कारखान्यांत धावत्या कागदाच्या एका बाजूस बीटा-किरणांचा उगम व दुसऱ्या बाजूस मोजणी-यंत्र बसवितात, आणि कागदास हात न लावता त्याची जाडी क्षणोक्षणी मोजतात. काही मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा पत्रा बीटास पुरतो. गॅमा हा कणच नव्हे. तो प्रकाशाच्या जातीचा परंतु प्रकाशाहून फार अधिक शक्तीचा किरण होय. कागद त्याच्या खिजगणतीतही नसतो. त्यास रोखावयाचे तर शिशाच्या जाड विटा किंवा काँक्रीटची भक्कम भिंत उभारावी लागते. ह्यांखेरीज न्यूट्रॉन नावाचे भाररहित कण अणुभट्टीत मुक्त होतात. ते जड धातूंतून सहज निसटतात आणि पाण्यासारख्या हायड्रोजनयुक्त पदार्थांत मात्र अडकून मंदावतात. परंतु अणुभट्टीबाहेर सामान्य मनुष्याची त्यांच्याशी फारशी गाठ पडत नाही.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की आल्फा निरुपद्रवी आणि गॅमा भयंकर. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे, आणि अर्धे सत्य येथे प्राणावर बेतू शकते. आल्फा जोवर शरीराबाहेर आहे तोवरच निरुपद्रवी. तोच पदार्थ श्वासावाटे किंवा अन्नावाटे आत गेला, तर त्याच्या मार्गात कातडीचा निर्जीव थर नसतो, जिवंत पेशी असतात. आणि तो आपली सारी शक्ती केसाच्या जाडीएवढ्या अंतरात ओतून मोकळा होतो. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्यांवर चमकणारे आकडे रंगविण्याचे काम तरुण मुली करीत. त्या रंगात रेडियम असे, आणि कुंचल्याचे टोक अणकुचीदार करण्यासाठी तो ओठांत धरण्याची त्यांना शिकवण होती. रेडियमचा रासायनिक स्वभाव कॅल्शियमसारखा असल्यामुळे शरीराने ते हाडांत नेऊन साठविले. कित्येकींचे जबडे सडले, कित्येकी अकाली मृत्यू पावल्या. (आपल्याकडे मोटारींच्या मागे चिकटविण्याच्या चकाकत्या पट्ट्यांस आजही ‘रेडियम’ म्हणतात, त्यांत रेडियमचा अंशही नसतो, तेव्हा त्या नावाने कोणी घाबरण्याचे कारण नाही.)

गॅमाची गोष्ट उलट आहे. तो दुरूनही मारतो. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भागातील भंगार बाजारात एक जुने उपकरण येऊन पडले. त्यात कोबाल्ट-६० हे गॅमा किरण सोडणारे द्रव्य आहे हे तेथील कोणासच ठाऊक नव्हते. धातू म्हणून ते तोडले गेले. कित्येक जण आजारी पडले आणि त्यांतील एक दगावला. त्यांना ना उष्णता जाणवली होती, ना वास, ना प्रकाश.

ह्या न जाणवण्याचेही एक गणित आहे. किरणांची मात्रा ‘ग्रे’ ह्या परिमाणाने मोजतात. एक किलोग्रॅम शरीरभारामागे एक जूल शक्ती शोषली गेली की ती एक ग्रे मात्रा झाली. मनुष्याच्या साऱ्या शरीरास एकाच वेळी सुमारे चार ग्रे मात्रा मिळाली आणि उपचार झाला नाही, तर निम्मी माणसे दोन महिन्यांच्या आत दगावतात. आता ही शक्ती उष्णता म्हणून मोजली तर शरीराचे तापमान एका अंशाच्या सुमारे हजाराव्या हिश्शानेच वाढते; गरम चहाच्या एका लहान घोटाने याहून कमी ऊब मिळत नाही. मग माणूस मरतो कशाने? घाव कोठे बसतो यात सारे आहे. किरण वाटेतील अणूंमधून इलेक्ट्रॉन उखडीत जातो. शरीरात पाणीच अधिक, म्हणून पाण्याचे रेणू फुटून अत्यंत दाहक असे तुकडे निर्माण होतात, आणि ते डीएनएच्या धाग्यास जाऊन भिडतात. कधी किरण स्वतःच तो धागा तोडतो. दुपदरी धाग्याचा एक पदर तुटला तर पेशी दुसऱ्यावरून तो नीट सांधते. दोन्ही पदर एकाच जागी तुटले म्हणजे सांधा चुकण्याचा संभव फार. मग पेशी मरते, किंवा चुकीच्या सांध्यासह जगते. मेलेल्या पेशींची हानी दिवसांत वा आठवड्यांत दिसते. चूक घेऊन जगलेल्या पेशीतून कित्येक वर्षांनी कर्करोग उद्भवू शकतो.

ज्या पेशी झपाट्याने दुभंगत असतात त्यांच्यावर हा घाव अधिक जिव्हारी लागतो. अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर, केसांची मुळे आणि गर्भातील बालक यांस म्हणूनच धोका विशेष. उलट, वाळलेले बी म्हणजे निद्रिस्त जीव. त्यात पाणी थोडे आणि पेशींचे दुभंगणे थांबलेले. धानाच्या बियाण्यात उत्परिवर्तने घडवून आणण्यासाठी दोनशे ते तीनशे ग्रे इतकी गॅमा मात्रा देतात, म्हणजे मनुष्यास मारक ठरणाऱ्या मात्रेच्या पन्नास ते पंचाहत्तर पट, आणि तरीही त्यातील पुष्कळसे बी उगवते. नाशिक जिल्ह्यात लासलगाव येथे २००२ सालापासून कांद्यास कोंब फुटू नयेत म्हणून साठ ग्रेच्या आसपास मात्रा देण्याची सोय आहे. असा कांदा स्वतः किरणोत्सर्गी होतो की काय, अशी शंका स्वयंपाकघरात नेहमी निघते. तसे होत नाही. कोबाल्टच्या गॅमा किरणांत कांद्याच्या अणुगर्भास अस्थिर करण्याइतकी शक्ती नसते. दिव्याच्या उजेडात ठेवलेली वस्तू जशी दिवा मालवल्यावर स्वतः उजेड देत नाही, तसेच हे आहे.

तुर्भ्याच्या म्हणजेच ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ह्या विद्येचा उपयोग पिकांसाठी केला आहे. क्ष-किरणांनी घडविलेला ‘टीजी-१’ हा भुईमूग १९७३ साली प्रसारित झाला. पुढे अकोल्याच्या कृषी विद्यापीठाशी सहकार्य होऊन ‘टीएयू-१’ हा मोठ्या दाण्याचा उडीद १९८५ साली, आणि ‘टीएजी-२४’ हा भुईमूग १९९१ साली शेतकऱ्यांस मिळाला. ह्या नावांतील ‘टी’ म्हणजे ट्रॉम्बे आणि ‘ए’ म्हणजे अकोला. चंद्रपूर व गडचिरोली हे दोन्ही जिल्हे ह्याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात, आणि धानाच्या संशोधनासाठी त्याचे केंद्र चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही येथे आहे. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे छत्तीसगडात रायपूरच्या कृषी विद्यापीठाने दुबराज ह्या सुवासिक पण उंच वाढून वाऱ्याने लोळणाऱ्या धानाचे बुटके रूप ट्रॉम्बेच्याच सहकार्याने गॅमा किरणांच्या द्वारे मिळविले आहे.

परंतु ही यशोगाथा ऐकताना तिच्या मागील शेत विसरता कामा नये. किरण दिलेले बी पेरले की पहिल्या पिढीत कित्येक रोपे खुरटतात, कित्येकांत दाणाच भरत नाही. दडलेले बदल बहुधा दुसऱ्या पिढीत वर येतात, म्हणून त्या पिढीची हजारो रोपे लावून एकेक न्याहाळावी लागतात. पानांत हिरवा रंगच न धरणारी, पांढरी फटक पडून मरणारी रोपे निघतात. वाकडी, वांझ, रोगट अशी निघतात. त्यांतून एखादे हाती लागते. बाकीची सारी उपटून टाकावयाची असतात, आणि ती टाकताना कोणाचे काळीज हलत नाही. खोब्रागडे यांनी लोंब्या निवडल्या त्याही ह्याच न्यायाने. त्यांच्या बांधीत भेद निसर्गाने घडविला होता, तुर्भ्यास तो किरण घडवितो, एवढेच अंतर. खरे कौशल्य दोन्हीकडे निवडीचे आहे.

मनुष्याच्या संततीत अशी निवड करता येत नाही. एक अक्षर चुकल्याने मनुष्यास काय भोगावे लागते, हे पाहण्यास चंद्रपूर-गडचिरोलीहून दूर जाण्याची गरज नाही. सिकलसेल हा रक्ताचा आजार विदर्भात अनेक समाजांत पसरलेला आहे, नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’ ह्या वैद्यकीय नियतकालिकात मध्य भारतातील ह्या विकृतीचा वृत्तांत प्रसिद्ध केला होता. रक्तातील हिमोग्लोबिनच्या बीटा-साखळीत १४६ घटक असतात. त्यांपैकी सहावा घटक डीएनएतील एका अक्षराच्या बदलामुळे निराळा होतो, आणि त्यामुळे प्राणवायू उणावताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. सांध्यांत असह्य कळा, वारंवार पांडुरोग, पावसाळ्या-हिवाळ्यात इस्पितळाच्या खेपा. माता आणि पिता दोघेही वाहक असले तर प्रत्येक अपत्यास हा आजार होण्याचा संभव चारांत एक असतो. येथे स्पष्ट केले पाहिजे की हा बदल कोणत्याही कारखान्याच्या वा यंत्राच्या किरणांनी झालेला नाही. तो हजारो वर्षांपूर्वीचा आहे. आणि तो टिकला यालाही कारण आहे. ज्यास तो एकाच पालकाकडून मिळतो, त्यास हिवतापाच्या तीव्र हल्ल्यापासून बरेच संरक्षण लाभते, आणि हिवताप तर गडचिरोलीच्या रानातील जुनाच रहिवासी. म्हणजे मनुष्यातही निवड झाली; ती तापाने केली, आणि तिची किंमत बालकांनी मोजली.

किरणांच्या बाबतीत शास्त्रज्ञ इतके काटेकोर का असतात, ते यावरून उमगावे. हिरोशिमा-नागासाकीतून वाचलेल्यांमध्ये काही वर्षांतच रक्ताचा कर्करोग आणि पुढील दशकांत इतर कर्करोग वाढलेले आढळले. त्या वेळी जी बालके मातेच्या उदरात होती, त्यांतील काहींची बुद्धी खुंटली. परंतु वाचलेल्या माता-पित्यांना त्यानंतर झालेल्या सत्तर हजारांहून अधिक अपत्यांचा अभ्यास केला असता आनुवंशिक विकारांत मोजता येईल अशी वाढ दिसून आलेली नाही. ही मोठ्या समाधानाची गोष्ट आहे. माशीत व धानात जे घडते ते मनुष्यात घडतच नाही, असा मात्र तिचा अर्थ कोणी काढीत नाही, आणि म्हणून गरोदर स्त्रीचा क्ष-किरण फोटो काढण्यापूर्वी डॉक्टर दोनदा विचार करतात.

किरणांपासून पूर्णपणे मुक्त अशी जागा पृथ्वीवर नाही. आकाशातून, मातीतून, खडकांतून ते येतच असतात. प्रौढ मनुष्याच्या स्वतःच्या शरीरात पोटॅशियमचे चार हजारांहून अधिक अणू दर सेकंदास फुटत असतात. निसर्गाकडून मनुष्यास वर्षाकाठी मिळणारी सरासरी मात्रा जगभरात २.४ मिलिसिव्हर्ट धरतात, आणि तीतील निम्म्याच्या आसपास वाटा रेडॉन ह्या वायूचा आहे. माती-दगडांतील युरेनियमपासून क्रमाने उत्पन्न होणारा हा वायू कोंदट खोलीत साठतो, आणि त्याची आल्फा किरण सोडणारी संतती फुप्फुसात जाऊन बसते. खिडक्या उघड्या ठेवणे हा त्यावरील सोपा उपाय आहे.

चंद्रपूरकरांच्या मनात याच संदर्भात एक प्रश्न उभा राहतो तो औष्णिक विद्युत केंद्राच्या राखेचा. २९२० मेगावॉट क्षमतेच्या ह्या केंद्रात जळणाऱ्या कोळशात, सर्व कोळशांत असते तसे, युरेनियम व थोरियम अत्यल्प प्रमाणात असते. कोळसा जळून जातो, हे धातू राखेत उरतात, आणि त्यामुळे राखेत त्यांचे प्रमाण कोळशाहून कित्येक पट होते. तरीही ते सामान्य खडक-मातीच्या फार पलीकडे जात नाही. त्यामुळे शेजाऱ्यांस मिळणारी अधिक मात्रा निसर्गाच्या देण्यापुढे किरकोळ ठरते. चंद्रपूरच्या राखेवर रागावण्यास पुरेशी कारणे आहेत, पण ती श्वासात जाणारी बारीक धूळ आणि पाण्यात उतरणारे विषारी धातू ही होत. किरणांच्या बागुलबोवामागे ही खरी तक्रार झाकली जाऊ नये.

शेवटी राहिला तो घरातील रुग्ण. चंद्रपूर-गडचिरोलीचे कित्येक कर्करोगी नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालयात जातात. तेथे ‘शेक’ म्हणून ज्याचा उल्लेख होतो, तो किरणोपचार होय. गाठीस एकूण साठ ग्रेच्या जवळपास मात्रा देतात. साऱ्या शरीरास हीच मात्रा निश्चित प्राणघातक झाली असती. ती केवळ गाठीवर रोखून, दररोज दोन ग्रेप्रमाणे सहा आठवड्यांत विभागून दिल्याने निरोगी पेशींस मधल्या वेळात आपले धागे सांधून घेता येतात. कर्काच्या पेशींस ते तितकेसे साधत नाही. असा रुग्ण शेक घेऊन घरी आला की त्याच्याजवळ बसण्यास, त्याच्या ताटात जेवण्यास किंवा नातवंडास त्याच्या मांडीवर देण्यास काहीही हरकत नाही. किरण यंत्राबरोबर तेथेच राहिलेले असतात. कित्येक घरांत अशा रुग्णाचे भांडे वेगळे ठेवले जाते. त्याच्या दुखण्यात ह्या दुराव्याची भर पडण्याचे काही एक कारण नाही.

एक अपवाद सांगितला पाहिजे. गळ्यातील थायरॉईड ग्रंथीच्या काही रोगांत किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ पोटात देतात. साधे आयोडीन कोणते आणि किरणोत्सर्गी कोणते हे त्या ग्रंथीस ओळखता येत नाही. १९८६ साली चेर्नोबिलच्या अपघातानंतर दूषित दूध प्यालेल्या हजारो मुलांस ह्याच कारणाने त्या ग्रंथीचा कर्करोग झाला, आणि उपचारात ह्याच भोळेपणाचा उपयोग होतो. येथे द्रव्य शरीराच्या आत असते आणि त्याचे गॅमा किरण बाहेर येतात. दर आठ दिवसांनी ते निम्मे उरते. बत्तीस दिवसांत सोळावा हिस्सा होते, आणि लघवीवाटे पुष्कळसे त्याआधीच निघून जाते. तोवर रुग्णाने स्वतंत्र खोलीत निजावे, पाणी भरपूर प्यावे, आणि आजीस हे औषध दिले असेल तर डॉक्टर सांगतील तितके दिवस लहान मुलास तिच्या कुशीत निजवू नये.